घुबडाचा फोटो काढायचा असेल तर टॉर्च घरी ठेवा

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आर्वीकडचे. काकांच्या वावरात धुऱ्यावर जुनी चिंच आहे, तिच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते, आणि गावाबाहेरच्या नाल्याच्या दरडीत एक मोठं कानवालं घुबड बसतं. तुमच्याकडे साधा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरवाला) डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स. रात्री टॉर्च मारून फोटो काढता तर एकतर हललेले येतात नाहीतर काळ्या फ्रेममध्ये नुसते दोन चमकणारे डोळे. म्हणून विचारताय की १५०-६०० ची लांब लेन्स घेऊ का, फ्लॅश लावू का, मित्र सांगतो तसा उंदीर बांधून ठेवू का, मोबाइलवर आवाज वाजवला तर जवळ येतं का, आणि शेवटी मेळघाटातल्या रानपिंगळ्याचं, म्हणजे जंगलातल्या त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचं, काय.

मला विचाराल तर यात लेन्सचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. घुबड रात्रीचा पक्षी म्हणून फोटोही रात्रीच काढायचा असं आपण धरून चालतो आणि सगळं तिथंच बिघडतं. तुम्ही जे घुबडांचे चांगले फोटो बघितले असतील त्यातले बहुतेक उजेडातलेच आहेत, सकाळच्या कोवळ्या उन्हातले नाहीतर दिवेलागणीच्या आधीचे. अंधारात घुबड तुमच्यापेक्षा कितीतरी सरस आहे, तिथं त्याच्या मागे पळण्यात अर्थ नाही. उजेडात मात्र ते एका जागी बसतं, रोज त्याच जागी बसतं, आणि ती जागा तुम्हाला आधीच माहीत आहे. शहरातली माणसं या जागेसाठी गाडी करून दोनशे किलोमीटर येतात, तुमच्याकडे ती घरच्या वावरात आहे.

आता किती जवळ जाता येईल, किती दिवस लागतील, हे मी इथून सांगू शकत नाही. ढोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, झाडाखालून वहिवाट आहे का, आत सध्या अंडी-पिल्लं आहेत का, त्या जोडीला पूर्वी कुणी दगड मारलेत का, यावर सगळं अवलंबून आहे. गावाला लागून असलेला पिंगळा आणि झुडपी जंगलातला पिंगळा यांच्यात पण फरक पडतो, गावातला माणसाला सोसतो, जंगलातला लांबूनच सटकतो. तेव्हा मी सांगतोय ते तुमच्या जोडीवर ताडून बघा.

पहिले काही दिवस कॅमेरा नेऊच नका. चिंचेखाली जा, वर न बघता खाली बघा. पिंगळ्याची बसायची फांदी ठरलेली असते आणि तिच्या खाली शिटेचे पांढरे ओघळ दिसतात. तिथंच तुम्हाला करड्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे सुकलेले गोळे सापडतील. घुबड शिकार गिळतं आणि जे पचत नाही, केस, हाडं, किड्यांची कवचं, ते गोळा करून तोंडावाटे टाकतं. एखादा गोळा कागदावर घेऊन काडीनं मोकळा करा. आत राखाडी केसांच्या गुंत्यात उंदराचा इवलासा जबडा निघतो, पुढचे दात नारिंगी-पिवळे, आणि बाजूला भुंग्यांच्या पंखांची काळी चकचकीत टरफलं. पावसाळ्यात किड्यांची टरफलं जास्त, सोयाबीन-कापूस निघाल्यावर उंदीर जास्त, असं मला आमच्याकडे दिसतं. यातून फोटोग्राफरला काय मिळतं, तर ताजा ओलसर गोळा जिथं पडलाय त्याच्या बरोबर वरची फांदी ही सध्या वापरात आहे हे कळतं, म्हणजे कॅमेरा कुठं लावायचा ते ठरलं. हात मात्र धुवा.

आता जवळ जाण्याचं. कापूस वेचणीच्या दिवसात बघा, बाया त्याच चिंचेखाली शिदोरी सोडून बसतात, हसतात, मोठ्यानं बोलतात, वर पिंगळा डोळे मिटून बसलेला असतो. आणि तुम्ही तिकडून एकटे येता, थांबता, त्याच्याकडे रोखून बघता, हात वर करता, की तो ताठ होतो. त्याला माणसाची भीती कमी आणि थांबून रोखून बघणाऱ्याची जास्त आहे, कारण शिकारी प्राणी असाच वागतो. म्हणून सरळ झाडाकडे चालत जाऊ नका, तिरकं चाला, नजर जमिनीवर ठेवा, वावरातलं काही काम करत असल्यासारखं जा आणि धुऱ्याच्या आडोशानं बसा. शक्यतो रोज त्याच वेळी, तेच मळकट कपडे, तीच जागा. उठून निघतानाही तसंच सावकाश.

पक्षी काय सांगतोय ते वाचायला शिका, हे कॅमेऱ्याच्या सगळ्या बटणांपेक्षा महत्त्वाचं. निवांत पिंगळा फुगलेला असतो, एक पाय पोटात घेतलेला, डोळे अर्धे मिटलेले, मधेच पिसं साफ करतो, जांभई देतो. त्रासलेला पिंगळा अंग बारीक करून उंच होतो, डोळे पूर्ण उघडतो, आणि डोकं खालीवर खालीवर करून तुम्हाला बघत राहतो. तो असा करायला लागला म्हणजे तुम्ही हद्द ओलांडली, चार पावलं मागे या, फोटो काढत बसू नका. बऱ्याच जणांना तोच फोटो भारी वाटतो, मोठे पिवळे डोळे थेट कॅमेऱ्यात, पण तो घाबरलेल्या पक्ष्याचा फोटो आहे आणि ज्याला पक्षी कळतो त्याला तो बघितल्याबरोबर ओळखू येतो.

आणि दिवसा घुबड उडवणं याचा परिणाम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उघड्यावर आलेलं घुबड दिसलं की कोतवाल, बुलबुल, साळुंक्या, कावळे सगळे मिळून त्याच्या मागे लागतात, टोचे मारतात, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पिटाळतात. ज्या वेळेत त्यानं झोपायचं त्या वेळेत ते जीव वाचवत फिरतं, तुम्ही घरी जाऊन फोटो बघत असता तेव्हा तिकडे हे चालू असतं. उलट हीच गोष्ट शोधायला कामी येते, एखाद्या झाडावर छोट्या पक्ष्यांनी अचानक कल्ला मांडला की लांबूनच दुर्बिणीनं बघा, आत बऱ्याचदा घुबड नाहीतर साप असतो.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या जोडीसाठी थंडीतली सकाळ सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत पिंगळे ढोलीच्या तोंडाशी नाहीतर मोकळ्या फांदीवर ऊन खात बसतात, कधी दोघं एकमेकांना चिकटून. सूर्य वर आल्यापासून पहिला तास-दीड तास, उजेड मऊ, पक्षी सुस्त, याहून सोपा फोटो नाही. सूर्य तुमच्या पाठीशी किंवा थोडा बाजूला राहील अशी जागा धरा. दुसरी वेळ संध्याकाळची. त्या दिवसात आपल्याकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि त्यानंतर कामाचा उजेड पंधरा-वीस मिनिटंच असतो, तेवढ्यातच पक्षी जागा होतो. निघायच्या आधी तो एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय लांब ताणून आळस देतो, शिटतो, अंग झटकतो. आळस दिला की बोट शटरवर तयार ठेवा. उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊनंतर कॅमेरा बॅगेत घाला, जमिनीवरून उठणाऱ्या वाफांनी लांबचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा लिबलिबीत येतो आणि दोष आपण लेन्सला देतो.

आता सेटिंगचं. पिंगळा जेमतेम २१ सेंटीमीटरचा पक्षी, तुमच्या क्रॉप बॉडीवर ३०० ला पंधरा मीटरवरून तो फ्रेमच्या उंचीचा साधारण पाव भाग व्यापतो. फांदी, ढोली, चिंचेची साल यांच्यासकट हा फोटो मस्त दिसतो, पूर्ण फ्रेम भरायलाच पाहिजे असं काही नाही. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग फार लागत नाही, ट्रायपॉड किंवा मक्याचं नाहीतर तांदळाचं छोटं पोतं करून त्यावर लेन्स टेकवली तर १/१२५ सेकंदाला पण धारदार फोटो येतो. हातात धरून मात्र १/५०० च्या खाली जाऊ नका. तीन-चार फोटोंची लड मारायची, त्यातला एक तरी स्थिर निघतो, कारण घुबड मान हलवतं आणि मधेच थांबतं, त्या थांबण्यात फोटो असतो. फोकसचा एकच पॉइंट, डोळ्यावर. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता) ३२०० पर्यंत बिनधास्त न्या, थोडे दाणे आलेले चालतात, हललेला डोळा चालत नाही. बीपचा आवाज बंद करा, फोकसला मदत करणारा समोरचा लाल-नारिंगी दिवा बंद करा, सायलेंट शटर असेल तर तो लावा. ढोलीच्या काळ्या तोंडाशी बसलेला पक्षी असला की कॅमेरा फसतो, अंधार बघून फोटो जास्तच उजळ करतो आणि पक्षी पांढुरका पडतो, तेव्हा एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा-एक स्टॉप (उजेडाचं माप) कमी करा. गावातल्या पडक्या वाड्यात किंवा जुन्या जिनिंगच्या छपराला गव्हाणी घुबड मिळालं तर हे अजूनच लागू, त्याचा चेहरा आणि पोट एवढं पांढरं की तपशील लगेच जळतो.

फ्लॅश आणि टॉर्च. फ्लॅशमुळे घुबड कायमचं आंधळं होतं वगैरे मी म्हणणार नाही. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम झोत पडला की काही वेळ त्याला नीट दिसणार नाही एवढं साधं आहे, आणि त्याच वेळी ते उडालं तर समोर फांद्या आहेत, विजेच्या तारा आहेत. शिवाय तेव्हा ते शिकारीच्या किंवा पिल्लांना भरवायच्या कामात असतं. आणि फोटो म्हणूनही बघा, सपाट पक्षी, डोळ्यात झोताची चमक, मागे काळा पडदा, ना चिंच दिसते ना वावर. मी फ्लॅश लावत नाही, कुणी बरोबर आलं तर लावू देत नाही.

उंदीर बांधणं तर सोडूनच द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यातच वन्य प्राण्याला आमिष लावणं येतं, आणि पक्ष्यांच्या अंडी-घरट्याला त्रास देणं पण येतं. कायदा बाजूला ठेवला तरी आयतं खाणं मिळतं म्हटल्यावर पक्षी माणसाजवळ, रस्त्याजवळ यायला लागतो आणि मग गाडीखाली तरी येतो नाहीतर कुणाच्या जाळ्यात. आवाज वाजवण्याचंही तसंच. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर आला, तो खाणं सोडून, कधी अंडी उघडी टाकून भांडायला येतो आणि इथं भांडायला कुणीच नसतं. तुमच्याकडे तर पक्ष्याचा पत्ता आहे, त्याला हाका मारायची गरजच काय?

दरडीतलं मोठं घुबड, तुम्ही सांगताय त्यावरून ते शृंगी घुबड असावं, कानासारखे पिसांचे तुरे, नारिंगी डोळे, संध्याकाळी घुमणारं खोल "बू-बूऽऽ". पाण्याच्या अगदी काठाला मोठ्या झाडात बसत असेल आणि डोळे पिवळे असतील तर हुमा म्हणजे मासे-खेकडे खाणारं घुबड पण असू शकतं, ते नीट बघून घ्या. शृंगी असेल तर इथं नियम वेगळे. हा पक्षी पिंगळ्यासारखा सोसणारा नाही. तो घरटं बांधत नाही, दरडीच्या कपारीत नाहीतर झुडपाखाली सरळ मातीवर अंडी घालतो, आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान. तुम्ही दरडीवरून डोकावलात आणि मादी उठली तर अंडी उन्हात उघडी पडतात, मुंगूस-कावळ्यांना वाट मोकळी होते. म्हणून त्याच्या बाजूच्या काठावर जायचंच नाही. नाल्याच्या समोरच्या काठावर, शक्य तेवढं लांब, बाभळीच्या सावलीत बसा, डोक्यावरून मळकट चादर घ्या. पिसं फुगवून, पंख पसरून, चोच कडकड वाजवायला लागलं किंवा पंख मोडल्यासारखं जमिनीवर लंगडायला लागलं तर जवळपास पिल्लं आहेत, त्याच क्षणी निघा आणि तो हंगाम संपेपर्यंत परत जाऊ नका.

तुमच्या ३०० ला हे घुबड छोटं येईल. येऊ द्या. लालसर दरड, तिच्यातून लोंबणाऱ्या मुळ्या, आणि त्यात मातीच्याच रंगाचं बसलेलं घुबड, जे बघणाऱ्याला शोधावं लागेल, मला तरी हा फोटो नुसत्या चेहऱ्याच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो. ते कसं लपतं हे त्यात दिसतं. दिवस बुडताना ते बऱ्याचदा दरडीच्या टोकावर नाहीतर एखाद्या उंच दगडावर येऊन बसतं आणि बोलतं, बोलताना गळ्याची पांढरी पिसं फुलून दिसतात. आकाशात लाली असेल तर नुसती काळी आकृती काढा, एक्सपोजर आकाशावर धरा.

तुमच्या सुरक्षेचं पण बोलू. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत सरळ लाइनचा करंट सोडतात, बेकायदेशीर आहे तरी सोडतात आणि माणसं मेलीयत त्यात. अनोळखी वावरातून अंधारात जाऊ नका, ज्याचं वावर त्याला सांगून जा, कुठली तार जिवंत आहे ते तोच सांगेल. दरडीच्या दगडांत घोणस आणि विंचू असतात, बूट घाला आणि हात कपारीत घालू नका. परतताना पायाखाली बघायला छोटा टॉर्च असू द्या, तो फक्त जमिनीवर. वनखात्याच्या हद्दीत सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय थांबायचं नाही, तुमच्या भागात बिबट्या आहे आणि आता वाघही फिरतोय.

रानपिंगळ्याबद्दल. पक्षीतज्ज्ञ ह्यूमनं १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर तो कुणालाच खात्रीशीर सापडला नाही, संपला असंच धरलं होतं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या जंगलात परत दिसला. पुढे मेळघाटातही मिळाला आणि आज मेळघाट हा त्याचा मोठा आधार आहे. तो दिवसा फिरतो, थंडीत सकाळी पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्याजवळ उघड्यावर बसतो, त्यामुळे उजेडाची अडचण नाही. पण आधी तुमचा साधा पिंगळा नीट ओळखायला शिका. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळपास बिनठिपक्याचं, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरं, पंख-शेपटीवर ठळक पट्टे, पायांवर भरगच्च पांढरी पिसं. तिथं गेलात तर परवानगी काढून, स्थानिक गाइड घेऊन, गाडीत नाहीतर ठरलेल्या वाटेवरच राहून. या पक्ष्याची संख्या फार कमी आहे, त्याला आवाज वाजवून बोलावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

फोटो टाकताना गावाचं नाव, झाडाचा पत्ता, मोबाइलचं लोकेशन काही टाकू नका, वर्धा जिल्हा एवढं पुष्कळ. दिवाळीच्या तोंडावर तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडणारे अजूनही आहेत आणि त्यांना पण इंटरनेट आहे. "भाऊ, नक्की कुठं मिळालं" असं कुणी फार खोदून विचारलं तर उत्तर देऊ नका. काकांना मात्र विश्वासात घ्या. ही जोडी रात्रभर त्यांच्या वावरातले उंदीर आणि किडे खाते हे त्यांना फोटोसकट दाखवा, म्हणजे ती पोकळ फांदी तोडायची वेळ आली तर ते आधी तुम्हाला विचारतील. मार्च-एप्रिलात पिल्लू ढोलीतून खाली पडलेलं दिसलं तर घरी आणायचं नाही, कुत्र्या-मांजरापासून वाचेल अशा जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हायचं, आई-बाप तिथंच येऊन भरवतात.

लेन्स आत्ता घेऊ नका. एक हंगाम ७०-३०० वर काढा, चांगला ट्रायपॉड आणि एक दुर्बीण घ्या, दोन्ही मिळून १५०-६०० च्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पडतात. थंडीतल्या सकाळचे, बसलेल्या जोडीचे फोटो जमायला लागले आणि तरीही लांबीच कमी पडतेय असं वाटलं तर नागपूर-अमरावतीला लेन्स भाड्यानं मिळते का बघून दोन दिवस वापरा, मग ठरवा. आणि ढोलीचं तोंड पूर्वेला आहे की पश्चिमेला ते बघून कळवा, त्यावर सकाळी बसायचं की संध्याकाळी, कुठल्या बाजूच्या धुऱ्यावर, ते नक्की सांगतो.